पाहुण्याच्या रीतीनं

बाबा बुद्धिबळ खेळताना जाळं विणायचे, की जाळं विणताना बुद्धिबळ खेळायचे, हे आईला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ओसरीत पट मांडलेला असायचा, समोर कोणीतरी डोकं धरून बसलेला असायचा, आणि बाबा भिंतीला पाठ टेकवून, जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून, बांबूच्या सुईनं गाठीवर गाठ मारत असायचे. चाल करायची वेळ आली की सुई दातात धरायची, मोहरा उचलायचा, ठेवायचा, की पुन्हा गाठ. गावातले लोक डाव पाहायला यायचे ते पटाकडे कमी आणि बाबांच्या हाताकडे जास्त पाहायचे. हात भराभर चालला तर बाबा जिंकत आहेत, हात थांबला तर कुठेतरी पाणी मुरतंय. आई म्हणायची, "तुमच्या जाळ्यात मासोळी राहीन कशी? गाठी घोड्याच्या चालीनं मारता."  बाबा डावात असले की त्यांना आईचं बोलणंही ऐकू यायचं नाही आणि पावसाचं पाणी ओसरीत आलेलंही दिसायचं नाही.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापासून दीड-दोन कोसावर, धानाच्या बांध्यांच्या मधोमध, मोठ्या तलावाच्या काठाला. आम्ही ढीवर. तलाव सोसायटीच्या नावावर होता आणि बाबा त्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, म्हणजे भांडणं सोडवायची आणि शिव्या खायच्या. पहाटे डोंग्यातून पाण्यावर काठ्या आपटायचा आवाज यायचा, मासे जाळ्याकडे हाकण्यासाठी. त्या आवाजानं मी लहानपणी उठायची, आणि आज शहरात कोणी गादी झटकत असलं तरी मला क्षणभर तलाव दिसतो. दिवस उगवला की आई टोपलं घेऊन मूलच्या बाजाराची गाडी पकडायची. दुपारी ती परत यायची तेव्हा विकल्या न गेलेल्या मासोळ्यांचा रस्सा व्हायचा, आणि नशीब असलं तर त्यात मरळीचं डोकं असायचं. धान निघालं, मळणी झाली की गावाला जरा सवड मिळायची, आणि मग आमच्या ओसरीत लाखोळीच्या डाळीचे वडे, काळा चहा आणि बुद्धिबळ असा मोसम सुरू व्हायचा. थंडी सरेपर्यंत चुलीवरचं भांडं काही उतरायचं नाही.

आमचं बुद्धिबळ म्हणजे पेपरात ज्याचे फोटो येतात ते नव्हे. आमच्याकडे प्यादं एका वेळी एकच घर चालायचं, मग ते पहिल्यांदा चालो की शेवटचं. राजाला अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची, तीही त्याला एकदाही शह लागला नसेल तर. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे प्यादेमात. हत्तीनं मात केली तर जिंकलास, ठीक आहे. वजिरानं केली तर त्यात काय मोठं, वजिरानं कोणीही करतो. पण साध्या प्याद्यानं राजाला अडवून मारलं, तर ते गावभर होणार, आणि हरलेल्याला पुढचे आठ दिवस पाणवठ्यावर बायकासुद्धा विचारणार. बाबांचा जीव या प्यादेमातीत अडकलेला. समोरचा वजिरानं दोन चालीत मरत असला तरी ते त्याला मारायचे नाहीत, त्याला खेळवत खेळवत प्याद्यापाशी आणायचे. त्यांचे जुने मित्र आणि जुने शत्रू डोमाजी काका म्हणायचे, "गणपतभाऊ, तू मासे बी असेच पकडते का? आधी गोंजारते, मंग धरते?" या हौसेपायी बाबांनी जिंकलेले कितीतरी डाव घालवले आहेत, पण ते कोणाला आठवायचे नाहीत. प्यादेमाती मात्र सगळ्यांना तोंडपाठ होत्या.

मी हा खेळ शिकले ते चहा देता देता. मुलींनी खेळू नये असं कोणी कधी म्हटलं नाही, फक्त 'बस' असंही कोणी म्हटलं नाही. मी कपबशा ठेवायची आणि डाव संपेपर्यंत रिकाम्या कपांची वाट पाहत उभी राहायची. दहा-बारा वर्षं अशी उभी राहिल्यावर म्हशीलाही बुद्धिबळ आलं असतं. कोणाची चाल चुकली की माझ्या तोंडून 'च्च' निघायचं आणि डोमाजी काका मान वर करून म्हणायचे, "पोरीले दिसलं बे, तुले नाई दिसलं." सगळे हसायचे. मीही हसायची, आणि आत कुठेतरी जळायची. हे आज लिहिताना सांगून टाकते, कारण तेव्हा ते मला स्वतःलाही कबूल नव्हतं.

बारावी झाली आणि मी घरी बसले. पुढे काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. शेजारच्या दोन मैत्रिणींची लग्नं त्याच उन्हाळ्यात झाली, आणि आमच्याकडेही सिंदेवाहीकडचे कोणी पाहुणे येऊन वडे खाऊन गेले होते. अशात मूलला कॉम्प्युटरचा क्लास उघडल्याची बातमी आईनं बाजारातून आणली. एका राइस मिलच्या माडीवर, एका संस्थेचा, खेड्यातल्या मुलींसाठी फुकट, सहा महिन्यांचा. आई मासे विकायची त्याच्या समोरच ती माडी होती. ती रोज मुलींना वर चढताना आणि खाली उतरताना पाहायची. "उतरतानी त्याईचं तोंड येगळंच दिसते वो," ती मला म्हणाली, "काई तरी भेटते त्याईले वर." मला जायचं होतं.  मी रात्री ताटावर बोटं नाचवून टायपिंग करायची, आणि टायपिंग कसं करतात तेही मला ठाऊक नव्हतं.

बाबा नाही म्हणाले. रागानं नाही, अगदी गंभीरपणे. त्यांचं म्हणणं, बारावीपर्यंत जे शिकली तेच अजून कामाला आलेलं नाही, तर पुढचं काय करायचं. आणि दुसरं, जे खरं कारण होतं, "मशीनकडून माणूस काय शिकन? मशीनले शिकवते माणूस." मी म्हटलं, बाबा, मशीनकडून शिकायचं नाही, मशीन चालवायला शिकायचं आहे. ते म्हणाले, "चालवाले सायकल हाये नं." विषय संपला, आणि अंगठ्यात जाळं अडकलं.

विषय पुन्हा उघडला तो क्लासच्या सरांनी. अतुल सर चंद्रपूरचे, वय पंचविशीच्या आतलं, शर्ट खोचलेला, बोलण्यात पुस्तकी मराठी. मुली मिळत नाहीत म्हणून ते गावोगाव कॉम्प्युटर दाखवत फिरत होते. आमच्या गावी ते जीपमधून आले. यंत्राची खोकी गोधड्यांत गुंडाळलेली, आणि मागे दोघं जण ती बाळंतिणीसारखी धरून बसलेले. गावात पंखा आणि न फडफडणारा बल्ब असलेली एकच खोली होती, ती म्हणजे आमच्या मच्छीमार सोसायटीची. बर्फाच्या पेट्या, वजनकाटा आणि ओल्या जाळ्यांचा वास यांच्यामध्ये टेबल लावून ते यंत्र मांडलं. सर सगळ्यांना सांगत होते, कृपया चपला बाहेर काढा, धुळीनं यंत्राला त्रास होतो. खोलीत बर्फाचं पाणी आणि माशांचे खवले तुडवत उभे असलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले. पण पाहुण्याचा शब्द, म्हणून सगळ्यांनी चपला काढल्या, आणि खवले पायाला चिकटले.

सरांनी पडद्यावर गावाचं नाव उमटवून दाखवलं, हिशेब करून दाखवला, एक फूल काढलं. लोकांनी माना डोलावल्या. एका म्हातारीनं यावर सिनेमा लागतो का विचारलं. सरांना वाटलं गाव हातचं जातंय, म्हणून ते म्हणाले, "आणि हा बुद्धिबळही खेळतो. मला रोज हरवतो."  सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांच्या हातातली सुई थांबली होती.

"कोण हरवते?" बाबांनी विचारलं.

"हाच. कॉम्प्युटर."

"याले हात कुठी हायेत?"

सरांनी उंदीर दाखवला, म्हणजे माउस. बाबांनी तो उलटा करून पाहिला, पोटात गोळी फिरते ती बोटानं फिरवून पाहिली आणि परत ठेवला. मग ते उठून उभे राहिले आणि जे बोलले ते मी आजही शब्दशः सांगू शकते. "सर, येत्या रविवारी हे मशीन माह्याशी खेळन. जिंकलं, तं माही पोरगी तुमच्या क्लासात. हारलं, तं पोरगी घरी, अन् मशीन माह्याकडे शिकाले ठेवा." लोक हसले. मी हसले नाही. माझं सगळं आयुष्य एका अनोळखी खोक्याच्या अकलेवर टांगलं गेलं होतं, आणि ते खोकं कसं खेळतं तेसुद्धा मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात आईनं कोणाला न सांगता मारोतीला नारळ बोलला. नवरा हरावा म्हणून मारोतीला नारळ बोलणारी आमच्या तालुक्यात ती पहिलीच असावी.

रविवारी सकाळी सोसायटीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली अडचण अशी आली की बाबा पडद्याकडे पाहून खेळायला तयार होईनात. "काचीत पाहून कोण खेळते? मोहरा हातात पाह्यजे." मग असं ठरलं की पट बाबांचाच मांडायचा, सागवानाचे त्यांनी स्वतः कोरलेले मोहरे ठेवायचे, आणि समोर कोणीतरी बसून यंत्राची चाल पटावर करायची आणि बाबांची चाल यंत्राला सांगायची. सर गोंधळले, कारण त्यांना आमचे मोहरे ओळखू येईनात. बाबांचा उंट खरोखरच्या उंटासारखा होता आणि एका हत्तीची सोंड तुटलेली. डोमाजी काका म्हणाले, "वनूले बसवा. तिले मोहरे बी कळते अन् वाचाले बी येते." अशी मी, जन्मात पहिल्यांदा, बाबांच्या समोर पटापुढे बसले. सरांनी मला पाच मिनिटांत माउस शिकवला. मला वाटतं माझा क्लास खरा तिथंच सुरू झाला.

दुसरी अडचण रीतीची. सरांनी सांगितलं की यंत्राला प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालवता येतं, राजाला घोड्याची उडी नाही, आणि राजा-हत्ती एकाच चालीत जागा बदलू शकतात, त्याला किल्लेकोट म्हणतात. बाबांनी कपाळाला हात लावला. "पायदळ दोन-दोन घरं उडते, अन् राजाले उडी नाई? हे कोणत्या राज्यातलं बुद्धिबळ हाये?" सर म्हणाले, जगात असंच खेळतात. डोमाजी काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "गणपत, पाहुणा हाये. पहिला डाव पाहुण्याच्या रीतीनं." यावर बाबांचं काही चाललं नाही, कारण पाहुण्याला आधी वाढायचं हा त्यांचाच नियम. पण त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की मशीननं दोन घरं चालवायची तर चालवावीत, आपण मात्र आपलं प्यादं एकेक घरच चालवणार. "मले घाई नाई."

डाव सुरू झाला आणि थोड्याच वेळात बाबांना कळेना की पाहायचं कुठे. ते आयुष्यभर माणसाचा चेहरा पाहून खेळलेले. समोरचा कपाळ खाजवतो, थुंकी गिळतो, पानाची पिंक टाकायला उठतो, यातच निम्मा डाव असायचा. यंत्राचा पंखा नुसता घूं घूं करत होता. मग त्यांना सापडलं. ते माझ्याकडे पाहू लागले. यंत्राची चाल मला पडद्यावर आधी दिसायची, आणि ती चांगली असली की माझा चेहरा उजळायचा, वाईट असली की पडायचा. मी मोहरा उचलायच्या आत बाबा ओठांत हसायचे आणि त्यांची सुई भराभर चालायची. दहा-बारा चालींत त्यांनी यंत्राचा एक उंट खाल्ला. सरांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, काका, हे बरोबर नाही. गावानं मसलत केली. मला ओढणीनं तोंड झाकून बसायला सांगितलं. नुसते डोळे उघडे ठेवले, तरी डोमाजी काका म्हणाले, "डोये बी बोलतेत हिचे." शेवटी असं ठरलं की मी यंत्राची चाल करून लगेच पाठ फिरवायची. चाल करायची, पाठ फिरवायची. मानेला कळ लागली, पण यंत्र सावरलं.

ते सावरलं त्यात बाबांचाही हात होता, म्हणजे त्यांच्या हौसेचा. एका वेळी त्यांना हत्तीनं चांगला मारा करता येत होता, मागे उभी असलेली पोरंसुद्धा कुजबुजत होती, पण बाबांना यंत्राला प्यादेमातच द्यायची होती. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला हत्तीनं मारून काय नाव होणार? ते एक प्यादं घेऊन पुढे निघाले, एकेक घर, एकेक घर, आणि यंत्रानं तेवढ्या वेळात त्यांचा वजीर पेचात धरला. त्यांचा वजीर गेला आणि बदल्यात यंत्राचाही. बाबांनी सवयीनं राजाला घोड्याची उडी घ्यायला लावली. मी ती चाल यंत्राला सांगायला गेले, तर त्यानं टणकन आवाज केला आणि नकार दिला. "काय म्हणते?" बाबांनी विचारलं. नाही म्हणते, मी म्हटलं. बाबा पडद्याकडे, म्हणजे पहिल्यांदाच थेट त्याच्याकडे, वळले. "राजाले एकदा उडी नसन," ते म्हणाले, "तं त्याले राजा म्हणता कायले?"

आता हे लिहिताना हसू येतं. परवाच माझ्या भाच्यानं त्याच्या फोनमधल्या बोलणाऱ्या यंत्राला मी सांगितलेला प्रश्न विचारला, की राजाच्या घोडाउडीची रीत तुला माहीत आहे का. त्यानं ती नीट सांगितली, प्यादेमातीचंही सांगितलं, आणि वर खेळू का म्हणून विचारलं. माझे डोळे भरून आले. भाच्याला वाटलं आत्याचं वय झालं. मला आपलं वाटत होतं की बाबा असते तर त्यांनी त्याला आधी विचारलं असतं, जेवला का.

ऊन कलायला लागलं तेव्हा पटावर मोजकेच मोहरे उरले होते. बाबांकडे एक हत्ती, एक घोडा आणि काही प्यादी. यंत्राकडे एक हत्ती, उरलेला उंट आणि बाबांपेक्षा एक प्यादं जास्त. हलकीशी सरशी यंत्राची होती. मला ती दिसत होती. बाबांची सुई केव्हाची थांबली होती. त्यांनी जाळं अंगठ्यातून काढून बाजूला ठेवलं होतं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. आणि तेवढ्यात लाईन गेली.

पंखा थांबला, पडदा काळा झाला. सर "अरे अरे" करत उठले. लाईन जाणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट, तिची कोणाला खंत नव्हती, पण सर म्हणाले की यंत्रातला डाव गेला, परत येणार नाही, सामना बरोबरीत समजू. लोकांना ते पटेना. आमच्या गावात डाव अर्धवट मोडत नाहीत. कोणाला तलावावरून बोलावणं आलं, कोणाची म्हैस सुटली, तर खेळणारा उठून जातो आणि जो जवळ असेल तो त्याच्या जागी बसतो. डाव जागेचा असतो, माणसाचा नव्हे. डोमाजी काका म्हणाले, "मशीन उठून गेलं. आता त्याच्या जागी कोण बसलं हाये?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही इकडेतिकडे पाहिलं आणि मग मला कळलं.

"खेळ," बाबा म्हणाले. "अन् आता घरची रीत. पाहुणा गेला."

मी ओढणी तोंडावरून खाली घेतली. इतक्या वर्षांत मी बाबांना उलट बोलले नव्हते. पण घरच्या रीतीनं त्यांच्या राजाला उडी मिळाली असती, त्यांच्या राजाला अजून एकही शह लागला नव्हता, आणि त्या उडीनं डाव पालटला असता. मी म्हटलं, "नाई बाबा. ज्या रीतीनं सुरू झाला त्याच रीतीनं संपन. मी पाहुण्याच्या जागेवर बसून राह्यली." खोलीत कोणीतरी हसलं. बाबांनी मला निरखून पाहिलं, चेहरा वाचायला नाही, वेगळंच काहीतरी पाहायला, आणि म्हणाले, "बरं. पाहुण्याची रीत. तूच सांगितली, ध्यानात ठेव."

मी चांगली खेळले. हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण डोमाजी काका आता सांगायला नाहीत. मी हत्ती मोकळा केला, बाबांचा घोडा दोनदा मागे हाकलला, आणि माझा राजा बाहेर काढला, कारण शेवटी राजालाही काम करावं लागतं हे मी ओसरीत उभी राहून शिकले होते. पटाच्या एका कडेला बाबांची दोन प्यादी होती. त्यातलं एक अजून आपल्या पहिल्या जागेवरून हललं नव्हतं. ती दोन खाल्ली की डाव माझा, क्लास माझा, मूलची ती माडी माझी. माझा राजा त्यांच्याकडे चालू लागला. बाबांनी घोडा परत आणून त्या प्याद्यांपाशी उभा केला. मग हत्तीनं शह दिला. मला मागेही सरकता येत होतं आणि पुढेही. मी पुढचं घर नीट पाहिलं. तिथं घोड्याचा मारा नाही. हत्तीचा नाही. ते पहिल्या जागेवरचं प्यादं एक घर पुढे आलं, तरी त्याचाही मारा तिथं पोचत नाही. मी राजा पुढे घातला आणि हात मागे घेतला. माझा चेहरा तेव्हा कसा होता कोण जाणे.

बाबांनी लगेच चाल केली नाही. त्यांनी ते प्यादं दोन बोटांत धरलं, एक घर पुढे ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोटं न सोडता आणखी एक घर पुढे नेलं.

"शह," ते म्हणाले.

पाहुण्याच्या रीतीनं. दिवसभर ज्या चालीला ते नावं ठेवत होते, जी त्यांनी एकदाही वापरली नव्हती, ती. मी राजाला कुठे नेऊ म्हणून पाहू लागले. मागे हत्तीनं अख्खी रांग धरलेली. बाजूची घरं घोड्याच्या माऱ्यात. माझा हत्ती आणि उंट दोघंही लांब. प्यादं खायला जावं तर त्याच्या पाठीशी दुसरं प्यादं. मी दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. बर्फाच्या पेटीतून पाणी टपटपत होतं. मग डोमाजी काका हळूच म्हणाले, "प्यादेमात."

मला रडू आलं. नुसतं रडू नाही, हुंदके. क्लास गेला म्हणून रडते असं सगळ्यांना वाटलं, आणि तेही होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे होतं की नियम मीच सांगितला आणि मीच विसरले. हट्टानं मागून घेतलेली रीत, आणि हात मात्र ओसरीतल्याच सवयीनं चालला. बायका म्हणू लागल्या, पोरीला असं हरवायचं असतं का, गणपतभाऊ, जरा तरी पाहायचं. बाबा म्हणाले, "समोर बसली तं पोरगी कायची?" आणि मोहरे गोळा करायला लागले.

तेवढ्यात लाईन आली. पंखा घूं घूं करू लागला, पडदा उजळला, आणि सरांनी खेळ उघडला. सगळी प्यादी पुन्हा आपापल्या रांगेत, जणू सकाळपासून काही झालंच नाही. बाबा उठून पडद्याजवळ गेले.

"दिवसभर याच्याशी बसलो," ते सरांना म्हणाले, "अन् हे मले ओळखत बी नाई?"

"काका, त्याच्या लक्षात राहत नाही. लाईन गेली की पुसलं जातं."

"उंट गेला तेबी ध्यानात नाई?"

"नाही."

"मंग हे शिकन कसं?" बाबांनी विचारलं. सर काहीतरी सांगायला गेले, पण ते उत्तरासाठी थांबलेच नाहीत. "शिकाले हारलेलं याद राहाव लागते. याले याद नाई, तं मी याले ठेवून घेत नाई. तुमचं तुमी घेऊन जा." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी ओढणीनं नाक पुसत होते. "हे पोरगी मरेपर्यंत इसरणार नाई, की प्यादं दोन घरं चालते. सर, तुमच्या इथी हारलेल्याले घेता का?"

सरांना आधी समजलंच नाही. मग ते म्हणाले, "घेतो काका. का नाही घेणार?"

"तं घ्या. ताजीच हारली हाये."

लोक हसले, आई दारात उभी होती ती पदर तोंडाला लावून मागे फिरली, आणि सगळ्या खोलीत मी एकटीच अशी होते जिला काय झालं ते कळलं नव्हतं. मला तर फक्त तो पट दिसत होता. मी बाबांना म्हटलं, "बाबा, अजून एक डाव." आवाज फाटका निघाला, पण निघाला.

बाबांनी सोंड तुटलेला हत्ती खिशात टाकला. "आधी शिकून ये," ते म्हणाले. "मंग बस समोर."

बस समोर. त्या ओसरीत इतकी वर्षं मी ज्या दोन शब्दांची वाट पाहत कपबशा धरून उभी होते, ते त्यांनी असे जाता जाता बोलून टाकले. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी मूलला गेले. पुढे त्या माडीवरच मी मुलींना शिकवायला लागले, आणि अजूनही सत्कार वगैरे झाला की लोक विचारतात, खेड्यातल्या मुलीला तेव्हा कॉम्प्युटरची एवढी ओढ कशी लागली. मी काहीतरी बरंसं उत्तर देते. खरं म्हणजे मी तिथं बाबांना हरवायला गेले होते.